गांबियात लोकशिक्षणाच्या कामाला निघालात? गोट्या, कोला आणि बाकीची तयारी

गांबियात मत म्हणजे गोटी. खरीखुरी, काचेची, आपण अंगणात गल खणून खेळायचो तशी. ओळख पटली, बोटाला शाई लागली की अधिकारी मतदाराच्या हातात एक गोटी ठेवतो. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराचा एक पत्र्याचा ड्रम असतो, त्याच्या रंगात रंगवलेला, वर फोटो आणि चिन्ह. ड्रमच्या माथ्यावर नळी असते, तिच्यात गोटी सोडायची. आतली घंटी टण् वाजते. बाहेर बसलेल्यांना एक टण् ऐकू आलं म्हणजे एक मत पडलं. दुसरं टण् आलं तर सगळ्यांच्या माना वळतात. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकल आणू देत नाहीत, का ते सांगायला नको. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून १९६० च्या दशकात ही पद्धत आली, आणि टिकली.

मी तिथे एका संस्थेतर्फे दोन वर्षं मतदार-जागृती आणि लोकशिक्षणाचं काम केलं. त्याआधी मराठवाड्यात ग्रामसभांची प्रशिक्षणं घेत होते, त्यामुळे जाताना थोडी घमेंडही होती. पहिल्या तीन महिन्यांत ती उतरली. आपल्याकडची मुलंमुली आता अशा कामांवर आफ्रिकेत जातात, आणि मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी तेच ते प्रश्न विचारतं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. तिथल्या लोकांना मतदान शिकवायला तुम्ही जात नाही आहात. त्यांनी २२ वर्षांची हुकूमशाही या गोट्यांनीच पाडली आहे. काम उरलंय ते दोन निवडणुकांच्या मधलं.

१. निघण्याआधीचे कागद

- सहा महिन्यांहून जास्त मुदत असलेला पासपोर्ट आणि व्हिसा. व्हिसाचं काम बोलावणाऱ्या संस्थेवर सोडा, त्यांना वाटा माहीत असतात.
- पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड. निघायच्या किमान दहा दिवस आधी लस घ्या. हे कार्ड परतताना जास्त महत्त्वाचं: ते नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात बसावं लागू शकतं.
- मलेरियाच्या गोळ्यांसाठी डॉक्टरची चिठ्ठी.
- संस्थेचं नेमणूकपत्र, छापील, दहा-बारा प्रती. पीडीएफ कोणी बघत नाही. गावागावांत कागद हातात द्यावा लागतो, आणि तो परत येत नाही.
- पासपोर्ट फोटो, भरपूर. तिथे राहायला परदेशी नागरिकाचं ओळखपत्र दरवर्षी काढावं लागतं.

हवामानाला घाबरू नका, विदर्भाच्या उन्हाळ्यातून गेलेल्याला काही वाटणार नाही. जेवणाचीही चिंता नको. दोमोदा नावाचं त्यांचं शेंगदाण्याचं कालवण भातावर वाढलं की पहिल्या घासालाच दाण्याच्या आमटीची आठवण येते. फक्त त्यात मासे किंवा मटण असतं. शाकाहारी असाल तर आधी सांगा आणि हसण्यावारी न्यायची तयारी ठेवा.

२. एवढा इतिहास पाठ हवा

देश छोटा आहे, क्षेत्रफळाने आपल्या पुणे जिल्ह्याहून लहान. गांबिया नदीच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी, पश्चिमेला समुद्र आणि बाकी तिन्ही बाजूंनी सेनेगल. १९६५ मध्ये स्वातंत्र्य मिळालं. जुलै १९९४ मध्ये याह्या जामे या तरुण लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली आणि पुढची २२ वर्षं तो बसून राहिला.

१ डिसेंबर २०१६ ची निवडणूक मात्र नीट समजून घ्या, कारण गावात कुठलीही चर्चा फिरून तिथेच येते. त्या दिवशी इंटरनेट आणि परदेशी फोन बंद होते. पण मतमोजणी पहिल्यांदाच जागेवर, मतदान केंद्रातच झाली. केंद्रावरच्या माणसांनी आपल्या डोळ्यांनी आकडा बघितला होता. विरोधकांनी मिळून उभे केलेले अदामा बॅरो जिंकले. जामेने टीव्हीवर हार मान्य केली. त्यानंतर निवडणूक आयोगाने बेरजेतली चूक दुरुस्त केली, बॅरो यांची आघाडी सुमारे ९ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आली, विजेता तोच राहिला. तरी ९ डिसेंबरला जामेने शब्द फिरवला. 'गांबियाने निर्णय दिला आहे' असं लिहिलेले टी-शर्ट लोक घालू लागले, त्यासाठी पकडलेही गेले. १९ जानेवारी २०१७ ला बॅरो यांनी शेजारच्या सेनेगलमध्ये, डाकारच्या गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली. पश्चिम आफ्रिकी देशांच्या फौजा सीमा ओलांडून आल्या, आणि दोन दिवसांनी जामे देश सोडून गेला.

नंतर जामेच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाने जानेवारी २०१९ ते मे २०२१ सुनावण्या घेतल्या, लोकांनी त्या रेडिओवर आणि फोनवर ऐकल्या. ज्या गावात तुम्ही बसाल तिथे साक्ष दिलेल्यांचे नातेवाईक असतील, आणि ज्यांच्याविरुद्ध साक्ष झाली त्यांचेही. हा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर ऐका.

राज्यघटना अजून १९९७ चीच आहे, म्हणजे जामेच्या काळातली. अध्यक्षाने किती वेळा उभं राहावं याला तीत मर्यादा नाही. नव्या घटनेचा मसुदा २०२० मध्ये विधिमंडळात पडला, आणि २०२५ मध्ये पुन्हा. तीन-चतुर्थांश मतं लागतात, तेवढी जमली नाहीत. पुढची अध्यक्षीय निवडणूक ५ डिसेंबर २०२६ ला ठरलेली आहे. ज्याला जास्त गोट्या तो जिंकला, दुसरी फेरी नाही.

३. परवानगीची उतरंड

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं बिघडतं. क्रम असा:

राजधानी बंजुल आणि आसपास दोन संस्थांना आधी भेटायचं. एक स्वतंत्र निवडणूक आयोग, त्याला सगळे आयईसी म्हणतात. दुसरी राष्ट्रीय नागरी शिक्षण परिषद, म्हणजे एनसीसीई. ही घटनेनेच निर्माण केलेली संस्था आहे, लोकशिक्षण हे तिचं मूळ काम. तुमच्या संस्थेकडे कितीही देखणी पुस्तिका असो, एनसीसीईने ती बघितल्याशिवाय गावात नेऊ नका. त्यांची माणसं गावोगाव हिंडलेली असतात. तुमच्या पुस्तिकेतलं चुकीचं चित्र त्यांना पहिल्या पानावर दिसतं.

मग विभागाच्या गव्हर्नरचं कार्यालय. मग जिल्ह्याचा सेफो, म्हणजे मुख्य सरदार. मग गावचा अल्कालो. अल्कालोला आपला सरपंच समजण्याची चूक मी केली. तो मतदानाने निवडून येत नाही. बहुतेक ठिकाणी गाव वसवणाऱ्या घराण्यातला मोठा माणूस असतो. पाटील म्हणालात तर जवळ जाल.

अल्कालोकडे मोकळ्या हाताने जायचं नाही. कोला नावाच्या झाडाच्या कडू बिया न्यायच्या, कागदात बांधून, दोन्ही हातांनी किंवा उजव्या हाताने द्यायच्या. आपल्याकडे पानसुपारी पुढे केल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही, तसंच. तो एक बी फोडतो, शेजाऱ्यांना वाटतो, आणि कडू तोंडाने तुमचं म्हणणं ऐकतो.

खड्डा: निवडणुकीच्या दिवशी निरीक्षण करायचं असेल तर आयोगाचं वेगळं ओळखपत्र लागतं. जनजागृतीचं पत्र दाखवून मतदान केंद्रात शिरायला जाऊ नका.

४. भाषा, आणि नमनाला घडाभर तेल

सरकारी भाषा इंग्रजी. गावात ती चालत नाही. मांडिंका, फुला, वोलोफ, जोला, सेराहुले यांपैकी कुठली भाषा कुठल्या गावात, हे आधी विचारून दुभाषा ठरवा. एकाच बैठकीत तीन भाषा लागू शकतात. दुभाषा त्याच गावचा नको, आणि पक्षाचा कार्यकर्ता तर मुळीच नको.

मांडिंका गावात भेटल्यावर 'सुमोलू ले?' असं विचारतात. घरची माणसं कुठे आहेत, असा शब्दशः अर्थ. उत्तर 'इ बे जे', ती तिथेच आहेत. मग शेतीचं, मुलांचं, प्रवासाचं. हे पाच मिनिटं चालतं आणि याला फाटा दिला तर तुम्ही उद्धट ठरता. 'अबराका' म्हणजे आभार, तो तर पहिल्या दिवशीच शिका. निघताना कोणी डावा हात पुढे केला तर दचकू नका: लांबच्या प्रवासाला जाणाऱ्याशी मुद्दाम डाव्या हाताने हस्तांदोलन करतात, म्हणजे ती चूक सुधारायला त्याला परत यावं लागतं.

'लोकशाही' या शब्दाचं भाषांतर करत बसू नका. मी एक अख्खी दुपार त्यात घालवली. दुभाष्याने प्रत्येक वेळी वेगळा शब्द वापरला आणि शेवटी एका आजींनी विचारलं की हा नवा पक्ष आहे का. त्याऐवजी विहिरीचा पंप बिघडला तर कोणाकडे जाता, इथून सुरू करा. मग त्याच्यावर कोण, त्याला पैसे कोण देतं, त्याला कोणी बसवलं. तासाभरात आपोआप मतपेटीपर्यंत पोचता.

५. दिवस आणि जागा

जून ते ऑक्टोबर पाऊस आणि शेती. त्या दिवसांत सकाळी बैठक ठेवलीत तर तुम्ही आणि दुभाषा दोघेच असाल. पुढे भुईमुगाची काढणी. शुक्रवारी दुपारी नमाज, रमजानमध्ये तर दुपारची बैठकच नको. लुमो म्हणजे आठवडी बाजार. त्या दिवशी गावात कोणी सापडत नाही, पण बाजारातच बसलात तर दहा गावं एकदम सापडतात.

जागा ठरलेली असते: बंताबा, म्हणजे गावाचा पार. मोठ्या झाडाखाली लाकडी ओंडक्यांची बैठक. पण पारावर म्हातारे पुरुष बोलतात आणि बाकीचे ऐकतात. बायकांसाठी त्यांच्या काफोकडे जा. हे त्यांचे जुने गट, शेतीचे आणि भिशीचे, आपल्या बचतगटांसारखे. तरुण पोरं संध्याकाळी कुठल्यातरी कोपऱ्यावर अताया उकळत बसलेली असतात. हा कडक हिरवा चहा तीन वेळा उकळून तीन फेऱ्यांत देतात आणि त्याला दीड-दोन तास लागतात. तिसऱ्या फेरीपर्यंत थांबा. खरं बोलणं तेव्हा निघतं.

तीन गटांच्या तीन बैठका म्हणजे तिप्पट वेळ. प्रकल्पाच्या तक्त्यात तो धरलेला नसतो. धरून घ्या.

६. डब्यांचं प्रात्यक्षिक

हे माझं आवडतं. सामान:

- गोडेतेलाचे तीन रिकामे पत्र्याचे डबे
- नळाच्या प्लास्टिक पाइपचे वीतभर तुकडे
- सायकलच्या तीन घंट्या, शक्यतो एकाच प्रकारच्या
- वाळू किंवा लाकडाचा भुसा, तळाला घालायला (नाहीतर आधीच्या गोट्यांवर नवी गोटी आपटून आवाज होतो. खऱ्या ड्रममध्येही म्हणूनच घालतात)
- शंभरेक गोट्या
- दोन चादरी, दोरी

डब्यांवर आंबा, मासा आणि भुईमूग काढा. रंग लावू नका. खरे ड्रम पक्षाच्या रंगाचे असतात, त्यामुळे तिथे रंग म्हणजे पक्ष. पिवळा यूडीपीचा, राखाडी बॅरो यांच्या एनपीपीचा, हिरवा जामेच्या जुन्या पक्षाचा. मला हे कागदावर माहीत होतं, तरी एकदा दसऱ्याचा म्हणून हौसेने पिवळा कुर्ता घालून बैठकीला गेले. अर्धं गाव खूश, अर्धं गाव उठून गेलं. अल्कालोच्या बायकोने आपली निळी-पांढरी ओढणी माझ्या खांद्यावर टाकली आणि काही न बोलता गाठ मारली. तेव्हापासून कानाला खडा. आता बॅगेत एकच तपकिरी कुर्ता असतो.

प्रात्यक्षिकाचा खरा उपयोग वेगळाच आहे. गोटी कशी टाकायची हे सगळ्यांना येतं. भीती दुसरी असते, आणि ती पहिल्या बैठकीत कोणी बोलून दाखवत नाही: आवाजावरून बाहेरच्यांना कळत असेल का, की मी कुठल्या ड्रममध्ये टाकली? २२ वर्षं ज्यांनी कुजबुजत काढली त्यांचा हा प्रश्न फालतू नाही. मी उत्तर द्यायचे नाही. एकाला चादरीआड पाठवायचं, बाकीच्यांनी बाहेर बसून ओळखायचं: आंबा, मासा की भुईमूग? टण् झालं की वीस जण ओरडतात, आणि आतला माणूस बाहेर येऊन सांगतो की सगळे चुकले. दोन-तीनदा कोणीतरी बरोबर ओळखतं, मग पुढच्या वेळी तोच चुकतो. पाच-सहा फेऱ्यांनंतर लोकांच्या खांद्यांतला ताण उतरलेला दिसतो.

आणखी दोन गोष्टी यातच दाखवा. गोटी नळीतच गेली पाहिजे, डब्यावर ठेवून आलात तर मत वाया. आणि मोजणी सगळ्यांसमोर. खऱ्या मोजणीत २०० किंवा ५०० भोकांची चौकट असते, ती गोट्यांनी भरली की आकडा लांबून दिसतो. अंड्यांचे ट्रे घ्या, तीसचा हिशेब जुळतो.

मोजणी संपल्यावर 'खरं सांगा, तुम्ही कोणाला टाकणार' असं गमतीतही विचारू नका. आणि आयोगाने यंदा पद्धतीत काही बदल केलाय का, हे दर निवडणुकीआधी त्यांच्या कार्यालयातून नव्याने विचारून या. गोट्यांऐवजी कागद आणायची चर्चा अधूनमधून होतच असते.

७. नोंदणीला लागणारे कागद

वय १८ पूर्ण आणि गांबियाचं नागरिकत्व. पुराव्यासाठी जन्मदाखला, पासपोर्ट किंवा राष्ट्रीय ओळखपत्र. यातलं काहीच नसेल, आणि खेड्यात बऱ्याच बायकांकडे नसतं, तर अल्कालो किंवा सेफोचा दाखला, की हा माणूस इथलाच. सीमेपलीकडे तीच भाषा, तीच आडनावं, म्हणून या दाखल्यावरून भांडणं होतात. २०२१ मध्ये बंजुलच्या महापौर कार्यालयाने असे दाखले द्यायला सुरुवात केली, तेव्हा नागरी संघटना न्यायालयात गेल्या आणि ते थांबवून आल्या. हा किस्सा बैठकीत जरूर सांगा. कोर्टात कोणीतरी गेलं आणि नियम पाळायला लावला, हे ऐकताना लोक पुढे सरकून बसतात.

खड्डा: कोणाचं मतदार कार्ड हातात घेऊ नका, फोटो काढू नका, नंबर लिहू नका. अहवालाला पुरावा हवा असेल तर झाडाचा फोटो लावा.

खड्डा: पैसे. शहरातल्या कार्यशाळांनी 'येण्याजाण्याचा खर्च' द्यायची सवय लावली आहे. गावात तुम्ही पाकिटं वाटलीत तर दुसऱ्या दिवशी बातमी असते की अमुक पक्षाची परदेशी बाई पैसे वाटून गेली. भाताचं मोठं घमेलं सगळ्यांसाठी शिजवा. त्याला कोणी नाव ठेवत नाही.

८. निवडणूक झाल्यावर

बहुतेक प्रकल्पांचे पैसे इथे संपतात. तुमच्या हातात काही असेल तर निम्मा निधी इथेच राखून ठेवा.

विधिमंडळात ५८ जागा, ५३ निवडून येतात, ५ अध्यक्ष नेमतो. २०२२ मध्ये निवडून आलेल्या ५३ जणांत बायका फक्त ३. (बंजुलची ती इमारत भारताच्या कर्जातून बांधलेली आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रपती कोविंद तिथे बोलून आले. 'इंडिया' म्हटल्यावर एखादा शिक्षक हटकून याची आठवण काढतो.) पण गावाच्या रोजच्या जगण्याशी संबंध कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेचा. बाजारात बसणाऱ्या बायका रोज कौन्सिलची पावती फाडून घेतात. तो पैसा कुठे जातो, हा प्रश्न लोकशिक्षणाची पन्नास पत्रकं करणार नाहीत एवढं काम करतो.

एका बाजारात मासळी विकणाऱ्या एका मावशींनी त्या पावत्या दुधाच्या पावडरीच्या डब्यात साठवून ठेवल्या होत्या. का, तर फेकवत नव्हत्या. आम्ही जमिनीवर बसून त्या शंभर-शंभरच्या चळतींत लावल्या. बेरीज झाल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, एवढ्यात छप्पर झालं असतं. पुढच्या आठवड्यात नऊ जणी आपापले डबे घेऊन आल्या, आणि त्यांनी वॉर्ड कौन्सिलरला बाजारातच बोलावलं. तो आला. पहिल्या वेळी उत्तरं गोलमाल होती. दुसऱ्या वेळी तो वही घेऊन आला.

अशा वेळी तुम्ही मागे बसायचं. तोंड उघडायचं नाही. परदेशी माणूस बोलला की कौन्सिलर त्याच्याशी बोलतो, बायकांशी नाही.

लेखी विचारायचं असेल तर २०२१ चा माहिती अधिकार कायदा आहे. महाराष्ट्रात २००२ पासून आपण हे शस्त्र वापरलंय, तेव्हा अर्ज कसा लिहावा हे इथे तुम्ही खरोखर शिकवू शकता: एका अर्जात एकच विषय, तारखेपासून तारखेपर्यंत, आणि 'का' विचारायचं नाही, 'किती' आणि 'कोणत्या तारखेला' विचारायचं. अर्ज एकट्याच्या नावाने नको, गावाच्या विकास समितीच्या नावाने द्या. व्हीडीसी म्हणतात तिला, स्थानिक स्वराज्याच्या कायद्यातच तिची तरतूद आहे.

आणि एक विषय पहिल्या वर्षी बाजूला ठेवा: मुलींची सुंता. २०१५ पासून ती बेकायदा आहे. बंदी उठवण्याचं विधेयक २०२४ मध्ये विधिमंडळाने फेटाळलं, पण त्यावरून घराघरांत दोन तट पडले होते. यावर बोलायला तिथल्याच बायका आहेत, आणि त्या तुमच्यापेक्षा धीट आहेत.

९. सामान मागे ठेवून या

डबे, घंट्या, गोट्या तिथेच द्या, कोणाला ते अल्कालोसमोर ठरवा. आमचे तीन डबे एका काफोकडे राहिले. आंबा पुसट झाला म्हणून त्यांनी त्यावर नवं चित्र काढलंय, आणि दर वर्षी खजिनदार त्यातूनच निवडतात. गेल्या खेपेला फोनवर त्यांनी मला टण् ऐकवलं. कोण जिंकलं, ते विचारायचं राहूनच गेलं, कारण लगेच दुसरं टण् वाजलं आणि तिकडे एकच गलका उठला.